माईकच्या जागी कान

धुंडिराजबुवांना माईक ओठांना टेकलेलाच लागायचा. ध्वनिमुद्रणाचं हे ऋजुताचं पहिलंच काम. तिने माईक थोडा लांब उभा केला, तसे बुवा भडकले.

"पोरी, तुझ्या जन्माआधीपासून गातोय मी! जवळ आण, नाहीतर दुसरा माणूस बोलवायला लावतो."

काचेपलीकडून स्टुडिओच्या मालकांनी तिला हात जोडले. म्हणजे बुवांचं ऐक, नाहीतर घरी जा.

ऋजुताने माईक बाजूला ठेवला, बुवांसमोर मांडी घातली आणि आपला कान थेट त्यांच्या तोंडाशी नेला.

"हं, गा बुवा."

बुवांनी पान गालात सरकवलं, तोंड उघडलं आणि ते थबकले. "अगं, ही काय ऐकायची रीत झाली? पानाची पचपच आणि माझे फूत्कार, एवढंच ऐकू येईल तुला! लांब सरक."

"कुठे बसू?"

"तिथे, सतरंजीच्या कडेला! गुरुजी गायचे तेव्हा मीसुद्धा तेवढ्या अंतरावरच बसायचो."

ऋजुता उठली आणि बरोबर त्या कडेला तिने माईक उभा केला.

"यालाही तुमचं गाणंच ऐकायचंय, बुवा. पचपच नाही."

साथीला बसलेला तबलजी हसू लपवायला हातोडी शोधू लागला. बुवांनी पान थुंकलं आणि मुकाट्याने षड्ज लावला.