दहावा शब्द

मिल्काबाई एलियाहू हन्नाबी या प्रेषिताला मलिद्याचा, गोड पोह्यांच्या नैवेद्याचा, नवस बोलूनच सिनेगॉगमध्ये आल्या. नवऱ्याला जाऊन वर्ष झालं होतं आणि लेकाला, रूबेनला, बापासाठी कद्दिशची प्रार्थना म्हणायची होती. त्या प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. आमच्या कोकणातल्या गावात आता ज्यू पुरुष नऊच उरलेत, रूबेन दहावा. तो पुण्यात एका पुरुषाबरोबर संसार करतो, म्हणून त्याच्या बाकावर कुणी बसलं नव्हतं.

आमच्यात माणसं आकड्याने मोजत नाहीत. देवाने आपल्या लोकांना सदैव सांभाळावं, असं मागणारं दहा शब्दांचं वचन आहे. एकेका माणसामागे एकेक शब्द म्हणतात.

सिनेगॉगचे मुकादम हनोखकाका मोजता मोजता नवव्या शब्दाला थांबले. "याला मी धरत नाही. चला घरी."

"जाऊ की, काका," बायकांच्या बाजूने मिल्काबाई म्हणाल्या. "तेवढा शेवटचा 'सदैव' राहिलाय. देवाने आपल्याला कुठवर सांभाळायचं, ते सांगा त्याला."

"म्हणतो की तो शब्द."

"कुणामागे? शब्दावाचून एकच माणूस उरलाय."

मग रूबेनकडे न बघताच काकांनी दहावा शब्द म्हटला.

रूबेन कद्दिशला उठला, तेव्हाही बाकावर एकटाच होता. 'आमेन' मात्र नऊ जणांचं आलं.