तांदूळ वाढले

फार जुन्या काळची गोष्ट आहे. राजे स्वतःच्या हातानं जेवत, पण स्वतःच्या पायानं स्वयंपाकघरात कधी जात नसत, त्या काळची.

एक राज्य होतं. त्याच्या एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला उघडा माळ. मधून नदी वाहायची आणि उत्तरेला जंगलानं भरलेले डोंगर होते. त्यामुळे चार ठिकाणी चार तऱ्हेचं जेवण शिजायचं. किनाऱ्याला भात, मासे, नारळ आणि कोकमाचं सार. माळावर ज्वारीची भाकरी, पिठलं आणि डोळ्यांतून पाणी काढणारा ठेचा. नदीकाठी गहू पिके, तिथं सणावाराला पुरणपोळी आणि तिच्यावर तुपाची धार. डोंगरात नाचणी, रानभाज्या आणि कंद. जो तो आपलं खायचा आणि पाहुणा म्हणून गेला की दुसऱ्याचं चाटूनपुसून खायचा.

राजा तरुण होता आणि मनानं चांगला होता. खोट एकच. काही निवडायची वेळ आली की त्याचं घोडं अडायचं. निळा शेला घेतला की वाटायचं, केशरी बरा होता. केशरी घेतला की दिवसभर निळ्याची रुखरुख. तसे आपणही थोडेफार या राजासारखेच असतो म्हणा, फक्त आपल्याकडे शेले कमी असतात.

त्याची सगळ्यात अवघड घटका सकाळची. त्या वेळी आक्का दाराशी येऊन उभी राहायची. आक्का म्हणजे राजवाड्याची स्वयंपाकीण. राजा चार वर्षांचा असताना त्याची आई गेली, तेव्हापासून आक्कानंच त्याला भरवून मोठं केलं होतं. चारचौघांत ती त्याला महाराज म्हणायची, जवळ कुणी नसलं की बाळराजे.

"महाराज, आज काय करू?" ती विचारायची.

प्रश्न एवढासा, पण राजाला घाम फुटायचा. पिठलं सांगितलं आणि जेवताना माशांची आठवण आली तर? मासे सांगितले आणि दिवस पुरणपोळीचा निघाला तर? एखादं ताट समोर आलं की न आलेली तीन ताटं त्याच्या डोळ्यांपुढे नाचायची. जेवण गार व्हायचं आणि आक्का हळूच उसासा टाकून ताट उचलायची.

एके दिवशी राजा वैतागला. "आक्का, तू हे रोज रोज का विचारतेस?"

"मग कुणाला विचारू, बाळराजे? जेवणार तुम्ही."

"मी एकदाच सांगून टाकतो. जन्मभराचं. चारांतलं एक जेवण निवडतो, मरेपर्यंत तेच खातो. म्हणजे ही कटकटच संपेल."

आक्का हसली. "जन्मभराचं लुगडंसुद्धा कुणी एकदम घेत नाही. हे तर अन्न आहे."

पण राजाच्या डोक्यात ते पक्कं बसलं. त्यानं चारी ताटं रोज मागवायला सुरुवात केली. आणि झालं भलतंच. आधी त्याला एका दिवसाची काळजी होती, आता सगळ्या जन्माची लागली. घास तोंडात ठेवला की मनात यायचं, हे मी म्हातारपणी खाईन का? दात पडल्यावर चालेल का? महिनाभरात राजाचे गाल बसले. अंगरखा ढगळ झाला. शेवटी तापानं त्याला अंथरुणावर पाडलं.

तेव्हा आक्कानं काही न विचारता मऊ भात केला, त्यावर मेतकूट आणि तूप घातलं आणि लहानपणी भरवायची तसा भरवला. राजानं तो खाल्ला. खाऊन झाल्यावर त्याच्या ध्यानात आलं की या वेळी काळजी वाटलीच नाही.

"ठरलं!" तो उठून बसला. "भात. किनाऱ्याचं जेवण. आता दुसरं काही नको."

"अहो, आजारात भात गोड लागतोच," आक्का म्हणाली. "बरे झालात की बघा."

राजा थांबला नाही. थांबला असता तर पुन्हा मन बदललं असतं, हीच तर त्याला भीती होती. तसाच देवघरात गेला आणि अन्नपूर्णेपुढे हात जोडून त्यानं शपथ घेतली की यापुढे किनाऱ्याच्या जेवणाखेरीज दुसऱ्या अन्नाला शिवणार नाही.

काही दिवस फार सुखाचे गेले. राजाला शांत झोप लागू लागली, गालही भरले. मग एकदा तो माळावरून घोड्यावर चालला असताना एका घरातून पिठल्याच्या फोडणीचा वास आला. लसूण, मोहरी, हिरवी मिरची. राजाचा घोडा पुढे गेला, पण राजाचं मन तिथंच राहिलं. आपण चुकलो की काय? हा विचार एकदा आत शिरला तो बाहेर निघेना. पुढच्या गावात खमंग पुरण शिजत होतं. त्यापुढच्या वाडीत कुणी भाकरी शेकत होतं. राज्यभर लोक त्यानं सोडून दिलेलं अन्न मजेत खात होते, आणि प्रत्येक चूल जणू त्यालाच वेडावत होती.

घरी येऊन त्यानं हुकूम काढला. राज्यात सगळ्यांनी एकच जेवण जेवायचं, राजाचं. शेत पिकवायचं ते भाताचं. ज्वारी, गहू, नाचणी पेरायची नाही, शिजवायची नाही, घरात ठेवायची नाही.

माळावरचे लोक म्हणाले, "भाताला पाणी कुठून आणायचं?" दिवाणजींनी उत्तर दिलं की किनाऱ्याचा तांदूळ राजधानीच्या कोठारात भरला जाईल आणि तिथून सगळ्यांना मिळेल. माळ पडीक राहिला. कोठाराच्या किल्ल्या राजानं आक्काकडे दिल्या, कारण दुसऱ्या कुणाची निवड करायची त्याला धास्ती वाटली.

किल्ल्या कमरेला लावताना आक्का म्हणाली, "बाळराजे, एक ऐका. एकाच धान्यावर सगळ्या राज्याची पोटं टांगू नका. एखाद्या वर्षी भात रुसला तर पोरंबाळं खातील काय?"

"आक्का, मी आत्ता कुठं निवांत झालोय," राजा कळवळून म्हणाला. "मला पुन्हा काळजीत घालू नकोस."

आक्का गप्प बसली. तिनं तेव्हा आणखी बोलायला हवं होतं, असं मला फार वाटतं. पण आपण वाढवलेल्या पोराचा चेहरा उतरलेला कुणाला बघवतो?

तीन वर्षं बरी गेली. चौथ्या वर्षी पाऊस अर्ध्यावर पळाला आणि भाताच्या लोंब्या पोकळ निघाल्या. पाचव्या वर्षी मृग कोरडा गेला, आषाढही कोरडा. राजा दिवसातून दहादा गच्चीवर जाऊन आभाळ बघायचा. कोठारात किती उरलं आहे, हे विचारायला त्याची जीभ रेटत नव्हती. विचारलं आणि नको ते उत्तर आलं तर? रस्त्यात माणसं घोळक्यानं हळू आवाजात बोलताना दिसली की तो घोडा दुसऱ्या वाटेनं वळवायचा. लोक बहुधा आपल्याबद्दलच बोलत असणार, असं त्याला वाटायचं, आणि ते खरंही होतं.

अशात एका सकाळी आक्का दाराशी आली. तिचा चेहरा ओढलेला होता. खाली बघत ती एवढंच म्हणाली, "महाराज, तांदूळ वाढले."

आता तुमच्यापैकी ज्यांच्या घरी आजी किंवा आई असं बोलते, त्यांना पुढचं कळलंच असेल. आपल्याकडे घरातली बाई मीठ संपलं म्हणत नाही, मीठ वाढलं म्हणते. तांदूळ संपले म्हणत नाही, वाढले म्हणते. भरल्या घरात 'नाही' हा शब्द उच्चारू नये, म्हणून. पण राजा कधी स्वयंपाकघरात गेला नव्हता. तांदूळ वाढले म्हणजे जास्त झाले, एवढाच अर्थ त्याला ठाऊक होता.

"वाढले?" त्याचा चेहरा उजळला. "आक्का, तू माझ्या डोक्यावरचं केवढं ओझं उतरवलंस!"

आक्काला वाटलं, धक्क्यानं राजाचं चित्त थाऱ्यावर नाही. ती डोळे पुसत निघून गेली.

त्याच सकाळी पूर्वेकडचा एक व्यापारी वेशीशी आला. त्याच्याबरोबर ज्वारी-बाजरीनं भरलेल्या दोनशे गाड्या होत्या. दिवाणजी धावत राजाकडे आले. "महाराज, देव पावला म्हणायचा. आपल्या हुकमात बसत नाही, पण दिवस कठीण आहेत. गाड्या ठेवून घ्यायच्या ना?"

"कशाला?" राजा म्हणाला. "कोठारात तांदूळ वाढलेत. आक्कानं आत्ताच सांगितलं."

दिवाणजींच्या मनात पाल चुकचुकली. पण राजाला एवढं आनंदात त्यांनी कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं, आणि कोठारातलं आक्कापेक्षा जास्त कुणाला कळणार? ते मान खाली घालून गेले. जन्मात पहिल्यांदाच राजानं निवड करायला क्षणही लावला नव्हता. गाड्या वळल्या, आणि बैलांच्या घुंगरांचा आवाज लांब लांब जात ऐकू येईनासा झाला.

दुपारी राजा जेवायला बसला. ताटात मीठ होतं, लिंबाची फोड होती, वाटीत पातळ सार होतं. आषाढात समुद्रावर होड्या जात नाहीत, त्यामुळे मासेही नव्हते. ताटाच्या मधली जागा रिकामी होती.

"आक्का, भात वाढायचा राहिला."

"सकाळी सांगितलं ना, बाळराजे. वाढले."

"वाढले, तर मग दिसत कसे नाहीत?"

 तेव्हा कुठं आक्काला उमगलं आणि तिनं कपाळाला हात लावला. "अरे देवा! आम्ही बायका संपलं म्हणत नाही रे. संपलं म्हणू नये म्हणून वाढलं म्हणतो. शेवटचं माप काल गेलं. कोठार झाडून घेतलंय मी."

राजा तसाच उठला आणि जन्मात पहिल्यांदा कोठाराकडे धावला. तिथं उघडी जमीन होती. गाड्यांच्या मागे घोडेस्वार पिटाळले, तर गाड्या केव्हाच जवळची सरहद्द ओलांडून गेल्या होत्या. पलीकडच्या राजानं सगळं धान्य आनंदानं उतरवून घेतलं होतं.

"आता काय करू?" राजानं आक्काचा हात धरला. 

"डोंगरात चला," आक्का म्हणाली. "तिथल्या म्हाताऱ्या हुकमाला भिऊन बियाणं फेकायच्या नाहीत."

ते खरं निघालं. डोंगरातल्या एका झोपडीत, गवताच्या भाऱ्यामागे, एका म्हातारीनं नाचणीनं भरलेली बांबूची एक कणगी दडवून ठेवली होती. दारात राजा बघताच ती कणगीपुढे आडवी झाली.

"माराया आलास का रं? हुकूम मोडला म्हणून?"

"नाही, आजी. मागायला आलोय."

म्हातारीनं त्याला खालवर न्याहाळलं. राजाच्या पाठीमागे वाटेवर नगरातून त्याच्यामागोमाग आलेली माणसं उभी होती. त्यांच्या कडेवरची लेकरं रडूनसुद्धा थकली होती. तिनं गवत बाजूला केलं.

"येवढीच हाय. हळवी नाचणी, लवकर पिकती. आज शिजवलीस तर तुझ्या माणसांना दोन दिस पेज मिळंल, मग काय नाय. पेरलीस आन पाऊस आला तर दिवाळीला भाकर, पर तवर पाला खाऊन ऱ्हावं लागंल. समदी काय जगायची न्हाईत. तूच सांग, राजा. तुझा हुकूम."

 राजानं दिवाणजींकडे पाहिलं, त्यांनी नजर वळवली. आक्काकडे पाहिलं. ती वाटेवरच्या एका लेकराला उचलून घेत होती. शिजवली तर सगळे मरणार आणि पेरली तर कुणी कुणी मरणार, आणि ते कोण, हे आधी कळणार नव्हतं. एकच ताट निवडून त्यानं ज्या काळज्या टाळल्या होत्या, त्या सगळ्या एकदम त्याच्या छातीवर येऊन बसल्या. एक लेकरू कणगीकडे बोट दाखवत होतं. राजानं डोळे मिटले नाहीत. त्या लेकराकडे बघतच तो म्हणाला, "पेरा."

श्रावणाच्या तोंडाशी पाऊस आला. डोंगर उतारांवर नाचणी रुजली. तोवर सगळं राज्य पाला उकडून आणि कंद खणून जगलं. शपथ मोडून राजानंही तेच खाल्लं, आणि रांगेत सगळ्यात शेवटी उभं राहून खाल्लं.

आश्विन सरता सरता कापणी झाली. नगरात कितीतरी दिवसांनी भाकऱ्या थापल्याचे आवाज आले. पण ती भाकरी खायला आक्का नव्हती. भाद्रपदातच ती गेली. आपल्या वाटणीचे कंद ती रोज शेजारच्या लेकरांना देऊन टाकत होती आणि राजाला मात्र "जेवले मी" असं सांगत होती.

कुणीतरी नाचणीची पहिली भाकरी राजाच्या हातावर ठेवली. त्यानं ती आजवर कधी मनापासून खाल्ली नव्हती. घास तोंडात घातला तेव्हा ती त्याला फार चांगली लागली, आणि तेच त्याला सोसवेना. सगळ्यांच्या देखत तो लहान मुलासारखा रडला. त्याच दिवशी त्यानं तो हुकूम मागे घेतला.

म्हणून लहानांनी आणि थोरांनीही एवढं ध्यानात ठेवावं: रोजची छोटी निवड जो चुकवतो, त्याला एक दिवस फार मोठी निवड करावी लागते, आणि तिची किंमत त्याच्या जिवाभावाच्या माणसाला मोजावी लागते.