दारातला पाहुणा

“पण सर, ज्यांना ग्रीकचं अक्षर येत नाही, त्यांना तुम्ही वर्गात घेताच कसे?”

अवंती खोतने हे घारपुरे सरांना त्यांच्याच स्वयंपाकघरात विचारलं. सर पोहे परतत होते. विद्यापीठात जन्मभर प्राचीन ग्रीक काव्य शिकवून ते आता निवृत्त होणार होते. पुढे वर्ग कोणी घ्यायचा, हे तेच सुचवणार होते. अवंतीला तो हवा होता, आणि मिळणारच अशी तिची खात्री होती. तिचा प्रबंध नुकताच गाजला होता, आणि ती ते कोणाला विसरू देत नव्हती.

“मी आधी परीक्षा घेईन. लायकी बघेन, मगच आत...”

“हं,” सर म्हणाले.

“तुम्ही तर पहिल्या तासाला नावंही विचारत नाही. नुसतं काव्य म्हणून दाखवता.”

“तुझ्या प्रबंधात काय होतं गं?”

“ग्रीक काव्यातलं आतिथ्य.” अवंती खुलली. “दारात कोणीही येवो, आधी त्याला खाऊ घालायचं. नाव-गाव नंतर. न जाणो, वेष पालटून देवच आला असेल.”

“छान,” सर म्हणाले.

तेवढ्यात बेल वाजली. अवंतीने दार उघडलं. धुळीने माखलेले एक वयस्क गृहस्थ पिशवी घेऊन उभे होते.

“कोण आपण? कुठून आलात? काय काम आहे?”

गृहस्थ गांगरले. “मी... ते...”

“आत या,” मागून सर म्हणाले. “पोहे गरम आहेत.”

गृहस्थ हातपाय धुऊन बसले. पोटभर खाल्लं, पाणी प्यायले.

“आता सांगा,” सर म्हणाले, “आपण कोण?”

ते शेजारच्या इमारतीत लेकीकडे निघाले होते. सरांनी गॅलरीतून जिना दाखवला. गृहस्थ हसतमुखाने गेले.

“बघा, पत्ताच चुकला होता,” अवंती म्हणाली. “म्हणून तर मी दारातच विचा...”

ती थांबली.

सर पुन्हा कढईत उलथनं फिरवत होते. अवंतीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपलाच प्रबंध, आणि आपल्यालाच...

“सर,” ती हळूच म्हणाली, “आता वर्ग मला नाहीच ना मिळणार?”

सरांनी उरलेले पोहे बशीत काढले, वर लिंबू पिळलं आणि बशी तिच्यापुढे सरकवली.

“आधी खा,” ते म्हणाले. “तू कोण, ते मग विचारतो.”