स्कूटरच्या जागेवरचा डाग

प्रमिलाबाई सप्रे यांच्या यजमानांची स्कूटर भंगारात गेली, आणि पार्किंगच्या काँक्रीटवर तिच्या स्टँडच्या गंजाचा तांबूस डाग तेवढा मागे राहिला. यजमान जाऊन जेमतेम वर्ष झालं होतं. रोज सकाळी ते तिथेच स्कूटर तिरकी करायचे, किक मारायचे आणि निघताना वर खिडकीकडे बघायचे.

आता त्या जागेवर सोसायटीचे चेअरमन धारप यांची नवीकोरी गाडी लागणार होती. त्यांनी गंजाचे डाग काढणाऱ्या दस्तगीरला बोलावलं. 'डाग गेला तरच पैसे' अशी पाटीच होती त्याच्या टेम्पोवर. त्याने दोन हजार सांगितले, तसा धारपांनी सगळ्यांना खाली बोलावून निवाडा केला.

"जागा सोसायटीची, पण डाग सप्रेबाईंचा. तेव्हा पैसे त्याच देतील."

"डाग माझाच ना? नक्की?" प्रमिलाबाईंनी विचारलं.

"शंभर टक्के तुमचा!"

"मग माझी वस्तू मला पुसायची नाहीये."

धारपांचा चेहरा पडला. "बरं बाई, पैसे मी देतो."

"माझ्या माणसाची तेवढीच खूण उरलीय, धारपसाहेब. ती विकायची नाही मला."

दस्तगीर ब्रश आवरू लागला. त्याची खेप फुकट गेली म्हणून प्रमिलाबाईंनी पर्स उघडली.

"राहू द्या, ताई," तो पाटीकडे बोट दाखवत म्हणाला. "डाग गेला तरच पैसे घेतो मी. हा काही जायचा नाही."