व्हिलनच्या हातचं काही नको!

"शेतकरी मुळातच दुष्ट!" नांदूरगडचे भगदत्तराजे सिंहासनावरून गरजले. "आजपासून एकही शेतकरी राजधानीत पाऊल टाकणार नाही!"

निमित्त झालं एका इंग्रजी शब्दाचं. राजेसाहेबांना इंग्रजी शिकवणारे टेंभेकर मास्तर सकाळी सांगून बसले होते, की 'व्हिलन' म्हणजे दुर्गुणी माणूस. पण फार पूर्वी त्या शब्दाचा अर्थ होता, जमीनदाराच्या शेतावर राबणारा.

"महाराज, दोष शेतकऱ्यांचा नव्हता," मास्तर घाम पुसत म्हणाले. "वरचे लोक त्यांना हिणवत गेले, म्हणून अर्थ बिघडला. बहुधा. म्हणजे... कोशात तरी तसं आहे."

"गप्प बसा!"

तिकडे वेशीवर कोंडाजी माळ्याची वांग्यांची गाडी अडली. बाजार बंद म्हणजे घरची चूलही बंद! त्याची बायको तुळसा तडक वाड्यावर निघाली.

"तू शेतकरी ना?" पहारेकऱ्यानं अडवलं.

"शेतकरी माझा नवरा. मी नुसती भांडखोर!"

पहारेकरी विचारात पडला, तोवर ती दरबारात पोचलीसुद्धा.

"सरकार, बंदी उठवा!"

"व्हिलनवाचून माझं अडतं, हे उद्या दिवस मावळायच्या आत दाखव. नाहीतर बंदी कायमची!"

"मग उद्या शेतकऱ्याच्या हातचं काहीच वापरायचं नाही. कबूल?"

"कबूल! त्यात काय एवढं!"

दुसऱ्या दिवशी सकाळीच तुळसा राजेसाहेबांच्या महालात हजर. टेंभेकर मास्तरही होते. भाकरी आली.

"ज्वारी कुणाची?" भाकरी परत.

दूध आलं. "म्हशीनं कडबा कुणाचा खाल्ला?" दूध परत.

राजेसाहेबांनी विडा तोंडात घातल्याशिवाय नांदूरगडचा दरबार सुरू होत नसे. विड्याचं तबक आलं.

"पानमळा माझ्या भावाचा!" तबक परत. दरबारी ताटकळले.

"विड्यावाचून दरबार भरवीन! माझं पागोटं आणा!"

"कापूस कुणी पिकवला, सरकार?"

पागोटं गेलं. अंगरखा उतरला.

"मग रेशमी शेला आणा!"

"किड्यांना तुतीचा पाला कोण घालतं?"

शेलाही गेला. आता तुळसाची नजर धोतराकडे वळली. राजेसाहेबांनी दोन्ही हातांनी धोतर घट्ट धरलं आणि एका उडीत दाराच्या पडद्यामागे दडले.

"आता बोल!" आतून आवाज आला.

"बोलते की. सरकार, पडदाही सुतीच आहे!"

मग पडदा गदगदा हलू लागला. राजेसाहेब हसत होते!

"हरलो, बाई, हरलो! मास्तर, बंदी उठल्याची दवंडी पिटवा! हिच्या घरी खिलारी बैलांची जोडी पाठवा! पण त्याआधी, अहो, माझा अंगरखा द्या!"