पगडीखालचा परवाना

"परवाना दाखव, नाहीतर सामान गलबतातच राहील!"

बंदरावरच्या पहारेकऱ्यानं काठी आडवी धरली आणि सुताराची केसर जागच्या जागी थबकली. गलबतात तिची मेजं होती, खुर्च्या होत्या, दौती होत्या. सगळी परमुलखातल्या कचेऱ्यांनी अडगळीत टाकलेली. असलं सामान आणायचं, ठाकठीक करायचं आणि विकायचं, हाच बापलेकीचा धंदा. त्यांची वखार रिकामी पडली होती. हा माल उतरला नाही तर दोघांच्या हाताला काम उरणार नव्हतं.

पण राजाचा नवा हुकूम होता! परमुलखातलं कचेरीचं वापरलेलं सामान परवान्याशिवाय राज्यात येणार नाही!

आता राजे हेमकंठ खुर्च्यांवर एवढे का खवळले? तर अशाच एका जुन्या खुर्चीतून आलेला ढेकूण त्यांना चावला होता. तोही भर दरबारात, परदेशी वकिलासमोर! महाराज टुणकन उडाले. वकिलाला वाटलं, इथं नमस्कार असाच करतात. तोही उडाला. मग दरबाऱ्यांनाही उडावंच लागलं. तेव्हापासून 'वापरलेलं' हा शब्द नुसता कानावर पडला तरी महाराजांना खाज सुटायची.

"परवाना देतं कोण?" केसरनं विचारलं.

"जकातदार विसाजीपंत."

"लवकर काय ते कर गं बये!" गलबतावरून तांडेल ओरडला. "भरती लागली की मी शिंग फुंकणार आणि निघणार. तुझं सामान देईन समुद्रात लोटून. मला पुढं भात भरायचाय!"

केसर धावतपळत जकात कचेरीत पोचली. पंतांच्या खुर्चीवर पगडी होती. पंत नव्हते.

"पंत कुठं आहेत?"

"आहेत की!" दारातला शिपाई धाकलू म्हणाला. "पगडी दिसत नाही का? पगडी आहे म्हणजे पंत आहेत."

"मग दिसत का नाहीत?"

"आहेत, पण जागेवर नाहीत."

"जागेवर कधी असतात?"

धाकलूनं डोकं खाजवलं. "मी चाकरीला लागल्यापासून तरी तसा योग आलेला नाही."

तेवढ्यात खुर्चीवरची पगडी जराशी हलली. वारा असेल, असं केसरला वाटलं. तिच्या डोक्यात मात्र भलतंच काही सुरू झालं होतं. ती तडक राजवाड्यावर गेली.

"महाराज, माझ्या सामानाला परवाना कशाला? ते जुनं आहे, पण वापरलेलं नाही!"

महाराजांचा हात आपोआप पाठीकडे गेला. "कचेरीतली जुनी खुर्ची, आणि वापरलेली नाही? मला काय वेडा समजतेस? अशी एक तरी खुर्ची दाखव! भरती लागायच्या आत दाखवलीस, तर तुझा सगळा माल सुटला. नाहीतर तो समुद्रात लोटायला मी स्वतः येईन!"

"मग चला, महाराज. जवळच आहे."

महाराज निघाले, मागून दरबार निघाला, आणि वरात जकात कचेरीत येऊन थडकली. वर्दी पोचली तेव्हा विसाजीपंत माडाच्या सावलीत सोंगट्या खेळत होते. हातातली सोंगटी तशीच घेऊन ते बोडक्या डोक्यानं धावत आले.

"ही बघा खुर्ची," केसर म्हणाली. "आहे की नाही जुनी? पण यावर आजवर कुणी बसलेलं नाही. फक्त पगडी बसते."

"साफ खोटं!" पंत कडाडले. "मी रोज बसतो, महाराज! सकाळी बसतो तो दिवे लागल्यावरच उठतो!"

"मग मघाशी मला परवाना का नाही दिलात?"

"मघाशी मी नव्हतो... म्हणजे होतो... म्हणजे पगडी होती!"

"बसून दाखवा पाहू!" महाराज म्हणाले.

पंतांनी पगडीला हात घातला मात्र, पगडी किंचाळली. मग तिला दोन पाय फुटले. मग ती टुणकन मेजावर चढली आणि तुरुतुरु धावू लागली. दोन दरबारी मेजाखाली घुसले.

"घाबरू नका," धाकलू ओशाळून म्हणाला. "माझी कोंबडी आहे. इथं कुणी उठवत नाही, म्हणून इथंच बसते."

खुर्चीवर खरंच अंडी होती! महाराजांनी आनंदानं टाळी वाजवली.

"हरलीस, केसर! खुर्चीवर कोंबडी बसते. म्हणजे खुर्ची वापरलेली आहे!"

आणि त्याच क्षणी बंदरावर शिंग वाजलं. केसरनं खुर्चीकडे बघितलं, अंड्यांकडे बघितलं, पगडी घालून मेजावर उभ्या असलेल्या कोंबडीकडे बघितलं. आणि तिला हसू फुटलं.

"हरले, महाराज. आता परवाना घेणं भागच आहे. ही खुर्ची कुणाची?"

"जकातदाराची."

"तिच्यावर रोज बसतं कोण?"

"कोंबडी."

"आणि पगडी कुणाच्या डोक्यावर आहे?"

"कोंब... अगं, थांब!"

"थांबून कसं चालेल? इतक्या वर्षांत जकातदार पहिल्यांदाच जागेवर सापडलेत!"

केसरनं कोंबडीला अलगद उचललं, तिचा पाय दौतीत बुडवला आणि कोऱ्या कागदावर ठेवला. झाला शिक्का! कोंबडीनंही "कॉक्!" करून मंजुरी दिली.

महाराज हसायला लागले. इतके हसले, इतके हसले, की ते पंतांच्या अंगावर रेलले आणि पंत मेजावर रेलले. "पळा रे कुणीतरी!" महाराज कसेबसे म्हणाले. "तांडेलाला सांगा, सगळं सामान उतरव! जकातदारीणबाईंनी परवाना दिलाय! आणि केसर, आजपासून राज्यातल्या एकूण एक कचेरीच्या खुर्च्या तुझ्या वखारीतून येतील. फक्त ढेकूण नीट बघून घे बाई!"

"आणि मी, महाराज?" पंतांनी हळूच विचारलं.

"तुम्ही? पिल्लं बाहेर येईपर्यंत खुर्चीशेजारी उभे राहा."

दुसऱ्या दिवशी एक व्यापारी कचेरीत आला आणि त्यानं नेहमीच्या सवयीनं चाचरत विचारलं, "जकातदार आहेत का हो?"

"आहेत!" धाकलू छाती फुगवून म्हणाला. "आणि जागेवर आहेत!"