महाराजांचं तिसरं वायफाय कार्ड

शेंदूरगडच्या महाराजांच्या लॅपटॉपमधलं तिसरं वायफाय कार्डही बंद पडलं आणि महाराज भर दरबारात कडाडले, "बोलवा त्या भिवा कारागिराला! महिन्यात तीन कार्डं घातली, तिन्ही सडकी!"

भिवा हात जोडून म्हणाला, "महाराज, कार्डं कोरी करकरीत होती. आपल्या वापरण्यातच काहीतरी…"

"म्हणजे चूक राजाची? उद्यापासून जन्मभर हत्ती धुवायचा!"

भिवाला पाण्याची बादली उचलवत नव्हती, तो हत्ती कुठला धुणार! त्याची लेक हौसा दाराशीच होती. ती तरातरा पुढे आली.

"महाराज, मी चालू करून देते."

"अस्सं?" महाराजांनी मिशीला पीळ दिला. "मग ऐक. नवं कार्ड घालायचं नाही. माझा लॅपटॉप खोलायचा नाही. आणि चूक राजाची आहे, असं बोलायचं नाही! जमलं नाही तर हत्तीला दोन नोकर!"

"कबूल!"

बापानं काढून ठेवलेली पहिली दोन कार्डं हौसानं एकेक करून दिवाणजींच्या लॅपटॉपमध्ये घालून पाहिली. दोन्ही तासतासभर सुसाट चालली! म्हणजे कार्डं निर्दोष. मग ती महाराजांच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

महाराजांनी मांडी घातली, मांडीवर मखमली गादी घेतली, गादीवर लॅपटॉप ठेवला आणि राज्यकारभार म्हणून सासू-सुनेची मालिका लावली. गार लॅपटॉपवर मालिका झकास सुरू झाली. पाव तासानं सुनेनं तोंड उघडलं आणि वायफाय गेलं!

हौसानं लॅपटॉपखाली बोट सारलं. चटका बसला!

"महाराज, चूक गादीची आहे!"

दरबार हादरला. दिवाणजी किंचाळले, "राजद्रोह!"

"सिंहासनाची नाही हो, मांडीवरच्या गादीची! लॅपटॉपला खालून श्वास घ्यायला भोकं असतात. ही त्याचं नाक दाबते. आत भट्टी पेटते आणि कार्ड घेरी येऊन पडतं."

"काहीतरीच! एवढी मऊ गादी!"

"मग महाराजांनी ती घटकाभर तोंडावर बांधावी आणि हुकूम सोडून पाहावेत!"

महाराजांनी गादीकडे पाहिलं. मग मुकाट्यानं लाकडी पाट मागवला. लॅपटॉप निवल्यावर पाटावर ठेवला. सून बोलली, सासू बोलली, तीन भाग संपले, तरी वायफाय हललं नाही!

महाराजांनी डोळे बारीक केले. "पोरी, पण गादीवर लॅपटॉप ठेवत होतं कोण?"

हौसानं हात जोडले.

"ते बोलायला महाराजांचीच बंदी आहे!"

महाराज पोट धरधरून हसले. इतके, की पगडी घरंगळून दिवाणजींच्या ओंजळीत पडली.

"भिवा सुटला!" डोळे पुसत ते म्हणाले. "आणि पोरी, भर चौकातलं दुकान तुझं! पाटी कसली लावशील?"

"'येथे लॅपटॉप दुरुस्त होतील, मालकही!'"